पोटखराब्यावरचे गवत

कोकणातल्या गावाचा सातबारा पाहिला, की लागवडीखालच्या क्षेत्राखाली ‘पोटखराबा’ असा एक रकाना दिसतो. जिथे नांगर चालत नाही आणि म्हणून आकारही बसत नाही, अशी जमीन त्यात लिहिली जाते. ओढा, खडक, कातळ. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या सड्यांचा, म्हणजे जांभ्याच्या सपाट उघड्या पठारांचा, बराच भाग अशा नोंदींत जातो. शेतसाऱ्याच्या हिशेबाने ही नोंद बरोबरच आहे, कारण उघड्या कातळावर भात पिकत नाही. अडचण त्यानंतर सुरू होते. शेतीला निरुपयोगी म्हणून लिहिलेली जमीन हळूहळू सगळ्याच अर्थांनी निरुपयोगी समजली जाते. तिथे मुळात जंगल असणार, माणसाने ते तोडले आणि खडक उघडा पडला, अशी समजूत रुजते. मग तिथे झाडे लावा, कलमे लावा, खाण काढा, कारखाना आणा. बिघडण्यासारखे तिथे आहेच काय, असे सहज विचारले जाते. या प्रश्नाला एका गवताच्या साक्षीने उत्तर देता येते. ग्लायफोक्लोआ हे त्याचे शास्त्रीय नाव. ही गवतांची एक छोटी प्रजाती आहे, ती भारतीय द्वीपकल्पाबाहेर जगात कुठेही आढळत नाही, आणि तिच्या बहुतेक जाती जांभ्याच्या सड्यांवर नि पठारांवरच वाढतात. ती तिथे कशी जगते आणि किती जुनी असली पाहिजे याचा नीट विचार केला, तर सड्याविषयीची आपली समजूत मुळापासून बदलावी लागते, असे माझे म्हणणे आहे.

आधी गवताची ओळख करून घेऊ. वनस्पतिशास्त्रात जवळच्या नात्यातल्या जातींच्या गटाला प्रजाती म्हणतात. वांगे आणि बटाटा या सोलॅनम या एकाच प्रजातीतल्या दोन जाती. ग्लायफोक्लोआत साधारण डझनभर जाती मोजल्या जातात. गवतांच्या अफाट कुलात ज्या शाखेत ज्वारी, मका आणि ऊस येतात, त्याच शाखेतले हे गवत. पण ऊस माणसाच्या डोक्यावरून जातो, आणि हे बिचारे बहुधा वीत-दोन वीत वाढून थांबते. ते वर्षायू आहे, म्हणजे दर पावसाळ्यात बीपासून नव्याने उगवते आणि पावसाबरोबरच संपते. जूनमध्ये सरी कोसळू लागल्या की कातळाच्या खळग्यांत साठलेल्या बोटभर मातीत त्याचे बी रुजते. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत त्याला तुरे येतात, दाणे धरतात. नोव्हेंबरात काडी पिवळी पडते आणि पुढचे सहा-सात महिने हे गवत केवळ बीच्या रूपात खडकाच्या भेगांत, खडीत, धुळीत पडून राहते. मे महिन्यात सड्यावर उभे राहणाऱ्याला त्याचा मागमूसही लागत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवायला हवी, कारण सड्यांविषयीचे अनेक चुकीचे निर्णय या एका गोष्टीतून निघालेले आहेत.

त्याचा तुरा भिंगाखाली पाहण्यासारखा असतो. तुऱ्याचा दांडा जाडसर आणि सांध्यासांध्यांचा. प्रत्येक सांध्यावर दोन कणिशके: एक बिनदेठाचे, ज्यात दाणा भरतो, आणि एक देठाचे, ज्यात दाणा धरत नाही. बिनदेठाच्या कणिशकाचे बाहेरचे तूस टणक असते आणि त्यावर खळगे, उंचवटे, कंगोरे यांची नक्षी असते. ही नक्षी जातीगणिक वेगळी. कुठे तुसाच्या टोकाला एक कुसळ, कुठे दोन. पिकल्यावर दांडा सांध्यांशी तुटतो आणि प्रत्येक तुकडा आपापला दाणा घेऊन खाली पडतो. ओबडधोबड तूस आणि कुसळे यांमुळे तो तुकडा खडीत, भेगेत अडकून राहायला मदत होत असावी. पावसाच्या लोंढ्यात सपाट कातळावरून वाहून जाणे हे सड्यावरच्या बीला सर्वांत मोठे संकट, हे ध्यानात घेतले तर या नक्षीकडे पाहण्याची दृष्टी बदलते.

संकटे म्हणताना सड्यावरचे एकूण जगणेच समजून घ्यायला हवे. मूळ खडक लाखो वर्षे पाऊस-उन्हात कुजून जांभा तयार होतो. विरघळणारे घटक निघून जातात आणि लोह व ॲल्युमिनियम यांचे संयुग मागे राहून दगडासारखे घट्ट होते. १८०७ साली फ्रान्सिस बुकानन याने मलबारातला असा दगड पाहून त्याचे वर्णन जगापुढे आणले, तेव्हापासून हा खडक भूशास्त्राच्या पुस्तकांत आला. या दगडाच्या माथ्यावर माती नाहीच म्हटले तरी चालेल, आणि जी आहे तीत नत्र, स्फुरद यांचा दुष्काळ. पावसाळ्याच्या चार महिन्यांत किनाऱ्यालगत सरासरी तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि सडा अक्षरशः पाण्याखाली असतो. उरलेल्या आठ महिन्यांत जवळजवळ पाऊस नाही, आणि उन्हाळ्यात त्या काळ्या-तांबड्या कातळावर अनवाणी पाय ठेवणे अशक्य. एकाच जागी दलदल आणि वाळवंट, आलटून पालटून, दरवर्षी. अशा ठिकाणी कोण टिकते? जो चार महिन्यांत जन्म, वाढ, फुलोरा, बी असा सारा संसार उरकू शकतो तो. म्हणून इथे सीतेची आसवे आणि दवबिंदू यांसारख्या, किडे पचवून नत्र मिळवणाऱ्या वनस्पती आहेत, गेंदाच्या कितीतरी जाती आहेत, आणि ही छोटी वर्षायू गवते आहेत. झाड इथे उगवतच नाही असे नाही. कातळाला खोल भेग असेल, कडेला माती साचली असेल, तिथे ते उगवते. पण सपाट उघड्या कातळावर झाडाने पाय रोवण्याइतकी जागाच नाही.

आता या जाती कुठे वाढतात ते पाहू, कारण माझ्या म्हणण्याचा सगळा भार या भूगोलावर आहे. जांभा दोन पातळ्यांवर आढळतो. एक किनाऱ्यालगतचा: रत्नागिरी, राजापूर, देवगड, मालवणपासून गोव्यात आणि पुढे कर्नाटक-केरळच्या मलबार किनाऱ्यापर्यंत, समुद्रसपाटीपासून शे-दोनशे मीटर उंचीवरचे सडे. दुसरा सह्याद्रीच्या माथ्यावरचा: कास, पाचगणी, कोल्हापूर भागातली पठारे, हजार-बाराशे मीटर उंचीवर, जणू खालच्या बेसाल्टवर घातलेली जांभ्याची टोपी. ग्लायफोक्लोआ दोन्हीकडे आहे, पण दोन्हीकडे त्याच जाती नाहीत. या प्रजातीतल्या जातींची नावे वाचली तरी नकाशा डोळ्यांपुढे येतो: गोएन्सिस, रत्नागिरिका, महाराष्ट्रेन्सिस, मायसोरेन्सिस. गोव्याच्या सड्यांवरून गोवा विद्यापीठाचे एम. के. जनार्थनम आणि त्यांचे सहकारी यांनी वेल्डकँपाय ही जात जगापुढे आणली. सांतापावी हे नाव मुंबईच्या सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकवलेल्या फादर सांतापाव यांचे. टॅल्बोटाय हे मुंबई इलाख्याच्या वनखात्यातल्या टॅल्बोट यांचे.

या गवतांची ओळख पटायला शास्त्रज्ञांनाही वेळ लागला. एकोणिसाव्या शतकात एडुआर्ड हाकेल या ऑस्ट्रियन गवततज्ज्ञाने काही जातींचे वर्णन केले होते. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात आला, ब्लॅटर आणि मॅकॅन यांचे मुंबई इलाख्यातल्या गवतांवरचे पुस्तक १९३५ साली. तोवर ही गवते दुसऱ्याच प्रजातींच्या पोटात घातलेली होती. १९८१ साली लंडनच्या क्यू उद्यानातल्या क्लेटन यांनी त्यांना वेगळे काढून ग्लायफोक्लोआ ही स्वतंत्र प्रजाती मांडली. तेव्हा कुठे हे ध्यानात आले, की विखुरलेली म्हणून पाहिली जाणारी ही गवते एका घरातली आहेत आणि ते घर भारतीय द्वीपकल्पातच आहे. नव्या जातींचा शोध त्यानंतरही थांबलेला नाही.

गेल्या काही वर्षांत या जातींच्या डीएनएची तुलना झाली, आणि तिच्यातून निघालेले चित्र माझ्या मुद्द्याच्या दृष्टीने सर्वांत मोलाचे आहे. प्रजातीच्या दोन ठळक शाखा दिसल्या. एका शाखेच्या जाती किनाऱ्यालगतच्या कमी उंचीच्या सड्यांवर वाढतात, त्यांच्या तुसाला एक कुसळ असते आणि त्यांच्या गुणसूत्रांचा मूळ आकडा ६ आहे. दुसरी शाखा उंचावरच्या जांभ्याच्या पठारांवरची, तुसाला दोन कुसळे, आणि गुणसूत्रांचा मूळ आकडा ७. पहिली शाखा मलबार किनाऱ्यावर उगम पावली आणि दुसरी सह्याद्रीत, असा निष्कर्ष त्या अभ्यासात काढला आहे. रत्नागिरिका या जातीचे स्थान मात्र अजून पक्के ठरलेले नाही; ती दुसऱ्या शाखेत बसते की तिसरीच वाट आहे, याचा निवाडा बाकी आहे. म्हणजे एका जिल्ह्याच्या नावाचे हे छोटे गवत कदाचित या घराण्याचा एक स्वतंत्र धागा सांभाळून आहे.

याचा अर्थ काय? गुणसूत्रांची संख्या बदलणे, त्या बदलासह एक अख्खी शाखा वेगळी होणे, तिच्यातून पुन्हा कितीतरी जाती फुटणे, ही कामे शतकांत होत नाहीत. जातींची अशी घराणी घडायला लागणारा काळ लाखो वर्षांत मोजावा लागतो. आणि एवढा काळ ही गवते जगली कुठे? दाट झाडीच्या सावलीत वाढणारी ही गवते नाहीत. त्यांना लख्ख ऊन, उथळ माती, पावसाळ्यात भिजलेला कातळ लागतो. तेव्हा जितकी जुनी ही प्रजाती, निदान तितका जुना उघडा सडा. पश्चिम भारतात माणसाने शेतीसाठी जंगल तोडायला सुरुवात केली त्याला काही हजार वर्षे झाली. त्याच्या कितीतरी आधीपासून किनाऱ्यावर आणि माथ्यावर, दोन्हीकडे, उघडे जांभ्याचे कातळ होते. नाहीतर एकेका पातळीवर एकेक शाखा वाढण्याचे कारणच उरत नाही. सड्याचा उघडेपणा हा कुऱ्हाडीचा परिणाम असता, तर त्यावर जगात इतरत्र कुठेही नसलेली गवतांची प्रजाती सापडली नसती.

यावर एक रास्त आक्षेप आहे, आणि तो टाळणे योग्य नाही. कोणी म्हणेल, मूळचे उघडे कातळ थोडे असतील. तिथे ही गवते घडली असतील. पण पुढे माणसाने आजूबाजूची झाडी तोडली आणि ती गवते पसरली. मग आजचे सगळे सडे मूळचे कसे म्हणायचे? हे काही ठिकाणी घडले असणार, हे मी मान्य करतो. सड्याच्या कडांवर, उतारांवर, माती असलेल्या पट्ट्यांत जंगल होते. देवरायांमध्ये त्याचे तुकडे अजून उभे आहेत. त्या उतारांवर जंगल परत आणण्याला माझा पूर्ण पाठिंबा आहे. पण या आक्षेपातूनच एक उपयोगी कसोटी हाती येते. माणसाच्या वावराने बिघडलेल्या, वारंवार जळलेल्या, खणलेल्या माळावर कोण उगवते ते पाहा. कुसळी गवत उगवते, जे आशियापासून आफ्रिका-ऑस्ट्रेलियापर्यंत सर्वत्र आहे. रस्त्याकडेची, सर्वदूर पसरलेली तणे उगवतात. नव्याने मोकळी झालेली जागा नेहमी अशा दूरवर पसरणाऱ्या जातींनी भरते. या उलट ज्या कातळावर ग्लायफोक्लोआच्या, गेंदांच्या, इतर प्रदेशनिष्ठ जातींची दाटी आहे, तो कातळ जुना असण्याची शक्यता फार मोठी. गवतच सांगते कुठला सडा मूळचा आणि कुठला मागाहून उजाड झालेला. ते ऐकायची तयारी मात्र हवी.

गवताखेरीज दुसऱ्या साक्षीही आहेत, आणि त्या पूर्णपणे वेगळ्या दिशांनी येतात, म्हणून त्यांचे वजन जास्त. कोकणातली कातळशिल्पे हा पहिला पुरावा. कशेळी, उक्षी, जांभरुण, बारसू, देवीहसोळ, रुंढेतळी, देवाचे गोठणे, कुडोपी आणि गोव्यातले फणसायमाळ येथील शिल्पे २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत गेली. त्यांचे नक्की वय ठरवणे अवघड असले तरी ती हजारो वर्षांपूर्वीची आहेत याबद्दल अभ्यासकांत फारसा वाद नाही. हत्ती, गेंडे, मासे, माणसे कोरायला ज्यांनी तो सपाट जांभा निवडला, त्यांच्यापुढे तो उघडाच होता. एका शिल्पाने एका शिळेपुरतेच सिद्ध होते, हे खरे. पण एका मागोमाग एक सड्यांवर अशी शिल्पे सापडत जातात, तेव्हा शिळेपुरता तो मुद्दा राहत नाही. दुसरी साक्ष आपल्या जुन्या मराठी वाङ्मयाची, आणि ती कोकणाबाहेरची आहे. आशिष नेर्लेकर आणि दिग्विजय पाटील या संशोधकांनी २०२५ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. महानुभाव ग्रंथांपासूनच्या जुन्या मराठी साहित्यात, लोककथांत, ओव्यांत पश्चिम महाराष्ट्राच्या पठारी भागाचे वर्णन करताना कुठल्या रानझाडांचा उल्लेख येतो, ते त्यांनी तपासले. दाट जंगलातली झाडे तिथे कमी. बाभूळ, बोर अशा खुल्या, गवताळ रानातली झाडेच जास्त. म्हणजे निदान साडेसातशे वर्षांपूर्वी त्या माळरानाचे रूप आजच्यासारखेच मोकळे होते. तो प्रदेश सड्यांहून वेगळा, कमी पावसाचा, म्हणून ही साक्ष थेट सड्याला लावता येत नाही. पण मोकळी जमीन म्हणजे हरवलेले जंगल, ही समजूत महाराष्ट्रात दुसरीकडेही तपासून पाहिली की टिकत नाही, एवढे तिने दाखवून दिले.

तरीही ही समजूत कागदोपत्री खोल रुजलेली आहे. भारतातल्या वनप्रकारांचे जे वर्गीकरण वनखात्यात अजूनही प्रमाण मानले जाते, ते चँपियन आणि सेठ यांचे, १९६८ सालचे. त्यात बहुतेक गवताळ प्रदेशांकडे पाहण्याची दृष्टी अशी, की जंगल आगीने, चराईने, तोडीने बिघडले आणि मधल्या पायरीवर अडकले. पुढे केंद्र सरकारच्या भूसंसाधन विभागाने उपग्रहांच्या चित्रांवरून पडीक जमिनींचे नकाशे तयार केले, त्यात खडकाळ उघडी जमीन हा पडिकाचाच एक प्रकार. हे नकाशे वाईट हेतूने केलेले नाहीत. पण नकाशात ‘पडीक’ असे रंगवलेली जागा धोरणात ‘उपलब्ध’ होते. महाराष्ट्रात २०१९ साली ३३ कोटी झाडे लावण्याचा संकल्प झाला, तेव्हा झाडे कुठे लावायची या प्रश्नाचे सोपे उत्तर मोकळी माळराने आणि पठारे हेच होते. झाड लावणे ही चांगली गोष्ट आहे यात शंका नाही. पण जिथे झाड कधी नव्हते, तिथे कातळ फोडून, खड्डा घेऊन, बाहेरची माती भरून ऑस्ट्रेलियन बाभूळ किंवा गिरिपुष्प लावणे हे निसर्ग परत आणणे नव्हे. त्या खड्ड्याने त्या कातळावरची उथळ पाण्याची डबकी, बोटभर मातीचे थर आणि त्यांतले बी कायमचे संपते. एक परिसंस्था काढून दुसरी, कमी जिवंत अशी, तिच्या जागी बसवली जाते, आणि त्यालाच हिरवाई म्हणतात.

दुसरा आक्षेप उपयोगाचा. ठीक आहे, प्रदेशनिष्ठ असेल. पण या वीतभर गवताचा माणसाला काय फायदा? या आक्षेपाला उत्तर देताना निसर्गप्रेमी लोक अनेकदा मोठमोठी आश्वासने देतात, की उद्या यातून औषध निघेल, उसाला रोगप्रतिकारक गुण मिळेल. मी असे आश्वासन देणार नाही. ज्वारी-मका-उसाच्या शाखेतले हे गवत आहे, तीन-चार महिन्यांत अतिवृष्टी आणि कोरड दोन्ही सोसून दाणा भरण्याची त्याची युक्ती पिकांच्या अभ्यासकांना कधी उपयोगी पडेल का, हे आज कोणालाच सांगता येणार नाही. पण माझ्या मते प्रश्नच उलटा विचारला जातो. जगात फक्त आपल्या भूमीत घडलेली एक सजीव वंशावळ मिटवण्याची परवानगी मागायची, तर पुरावा मिटवू पाहणाऱ्याने द्यायला हवा. जिवंत असलेल्याने आपले जगणे परवडते हे सिद्ध करावे, ही अपेक्षाच चुकीची. आणि उपयोगच मोजायचा तर एकट्या गवताचा कशाला, सड्याचा मोजू. जांभा सच्छिद्र असतो. पावसाळ्याचे पाणी त्यात मुरते, खालच्या चिकणमातीच्या थराशी अडते आणि सड्याच्या पायथ्याशी झऱ्यांतून बाहेर पडते. सड्याखालच्या कितीतरी वाड्यांच्या विहिरी आणि व्हाळ या पाण्यावर जगतात. सडा फोडला की हे पाणी पहिल्यासारखे मुरत नाही, हे पायथ्याच्या गावांना कोणी समजावून सांगावे लागत नाही.

सडा न राखताही गवत वाचेल असा एक मार्ग सुचवला जातो, तो बीजपेढीचा: बी गोळा करा, थंडीत साठवा, हवे तर दुसऱ्या एखाद्या पठारावर पेरा, आणि इथले काम होऊ द्या. बी साठवणे नक्की करावे; पण त्याने सडा वाचवण्याची गरज संपत नाही. ही गवते कातळाच्या बारीकसारीक रचनेला बांधलेली आहेत. माती किती खोल, पाणी किती दिवस साठते, कडेला किती वेळ ओल राहते, यावर एका वर्गखोलीएवढ्या जागेतही दहा हातांवर वनस्पती बदलतात. ही रचना खडकाच्या लाखो वर्षांच्या झिजेतून झालेली आहे. ती कुठल्याही यंत्राने पुन्हा करता येत नाही. शिवाय आपण जपायला निघालेल्या यादीतच अजून भर पडते आहे. द्वीपकल्पातल्या मोकळ्या गवताळ प्रदेशांतल्या प्रदेशनिष्ठ वनस्पतींचा आढावा २०२२ साली नेर्लेकर आणि सहकाऱ्यांनी घेतला, तेव्हा अशा २०६ जातींची नोंद झाली आणि त्यांतल्या ४३ टक्के केवळ गेल्या दोन दशकांत नव्याने वर्णिलेल्या होत्या. जिथे दर काही महिन्यांनी नवी जात सापडते, तिथे आधी बी काढून घेऊ मग खणू म्हणणे म्हणजे नाव माहीत नसलेल्यांना वगळूनच पुढे जाणे.

आता सर्वांत कठीण आक्षेप, पोटापाण्याचा. कोकणातला माणूस सड्याच्या जिवावर काहीतरी करू पाहतो तेव्हा त्याला गवताचे नाव सांगून अडवायचे का? जांभ्याचा चिरा हे कोकणातले परंपरागत बांधकामाचे साहित्य आहे. चिरेखाणीवर कितीतरी कुटुंबांची रोजी चालते. कातळ फोडून, माती भरून हापूसची कलमे लावणाऱ्या बागायतदाराने अपार कष्ट घेतलेले असतात. त्यांना दोषी धरणे मला अन्यायाचे वाटते. माझे म्हणणे एवढेच, की सगळे सडे सारखे नाहीत, आणि कोणता सडा द्यायचा हा निर्णय आंधळेपणाने होऊ नये. जो कातळ आधीच खणला गेला आहे, रस्त्यालगत आहे, जिथे सर्वदूरची तणेच उरली आहेत, तिथे खाण काढली तर नुकसान मर्यादित. जिथे प्रदेशनिष्ठ गवते दाट आहेत, कातळशिल्पे आहेत, पायथ्याला झरे आहेत, तो सडा वगळला पाहिजे. गुरांचे चरणे सुद्धा सरसकट बंद करावे असे मी म्हणणार नाही. कासच्या पठारावर कुंपण घालून गुरे बंद केल्यावर उंच गवत माजून फुले कमी झाल्याची तक्रार झाली आणि शेवटी ते कुंपण काढावे लागले. चराई, कापणी, वहिवाट यांच्यासह सडा आजवर टिकला आहे. तो टिकत नाही तो सुरुंगासमोर आणि बुलडोझरसमोर.

आणि संरक्षणाचा पसारा इथेच अपुरा पडतो. माथ्यावरच्या पठारांना थोडाफार आधार मिळाला आहे. पश्चिम घाटाची स्थळे २०१२ साली जागतिक वारशात गेली तेव्हा त्यांत कास होते, आणि काही पठारे अभयारण्यांत व राखीव वनांत आहेत. किनाऱ्यालगतच्या सड्यांचे तसे नाही. ते बहुतांश खाजगी मालकीचे किंवा गावाच्या सामायिक वहिवाटीचे. ग्लायफोक्लोआची एक अख्खी शाखा, गुणसूत्रांचा मूळ आकडा ६ असलेली, याच खालच्या सड्यांवर आहे. म्हणजे ज्या शाखेला संरक्षण सर्वांत कमी, तिच्याच जागेवर खाण, बागायत, उद्योग आणि घरबांधणी यांचा दाब सर्वांत जास्त. उंचावरचे फुलांचे पठार पाहायला हजारो लोक जातात म्हणून त्याची किंमत लोकांना कळली. खालच्या सड्यावरचे गवत पाहायला कोणी जात नाही, म्हणून त्याची किंमत शून्य धरली गेली.

यातून मार्ग फार खर्चाचा नाही. कोकण आणि गोव्यातल्या सड्यांची वनस्पतींच्या दृष्टीने गावनिहाय पाहणी झाली पाहिजे, आणि तिच्या आधारे न खणण्याचे सडे आधीच ठरले पाहिजेत. जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आणि लोकजैवविविधता नोंदवही असायला हवी. तिच्यात सडा हे स्वतंत्र प्रकरण म्हणून लिहिता येईल, आणि ते लिहायला शाळा-महाविद्यालयांतल्या वनस्पतिशास्त्राच्या शिक्षकांची मदत मिळू शकते. एक अट मात्र काटेकोर पाळायला हवी. ही पाहणी ऑगस्ट ते ऑक्टोबर या महिन्यांतच झाली पाहिजे, कारण त्या काळाखेरीज सड्यावरच्या बहुसंख्य वनस्पती दिसतच नाहीत. उन्हाळ्यात केलेल्या पाहणीच्या अहवालात ‘कातळावर उल्लेखनीय वनस्पती आढळली नाही’ असे वाक्य आले, तर ते त्या ऋतूपुरतेच खरे असते. तुमच्या गावच्या सड्यावर एखादा प्रकल्प येणार असेल आणि त्याच्या पर्यावरण अहवालावर जनसुनावणी ठेवली असेल, तर तिथे जाऊन सर्वांत आधी एवढेच विचारा: या सड्यावरच्या वनस्पतींची पाहणी कोणत्या महिन्यात केली?